तांबडमाळावर पिछाडी का बांधत नाहीत

ही गोष्ट मी पहिल्यांदा कुणाकडून ऐकली, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही. आत्याकडून असेल, किंवा लोकर कातरायला येणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याकडून. दोघांच्या सांगण्याची माझ्या मनात सरमिसळ झाली आहे. तपशिलात चूक निघाली तर ती माझी समजा, गावाची नाही.

खुंट मात्र तुमच्यासमोर आहे. माळाच्या मधोमध उभा, कमरेएवढा काळा दगड. त्याला कुणी जनावर बांधत नाही. गावातल्या घोड्यांना पुढची दोरी असते. मागचे पाय जखडणारी दोरी, जिला पिछाडी म्हणतात, ती इथे कुठल्याच दावणीला दिसणार नाही.

फार पूर्वी या माळावर हैबती नावाचा धनगर राहत असे. मेंढरे पुष्कळ, आणि ओझ्याला पाखरी नावाची एकच घोडी. ती त्याच्या बायकोने, ठकूने, हाताने वाढवलेली. पाखरी व्याली आणि शिंगरू पाहायला हैबतीचे व्याही निघाले. मागच्या खेपेला पाखरीने या व्याह्यांचे पागोटे लाथेने उडवले होते. ते वाटेवरूनच ओरडले म्हणे, "हैबतीराव, घोडीला पाहुणं वळखाय शिकवलं का? का याही बारीला बोडक्यानं घरी जाऊ?"

सगळे हसले. हैबती हसला नाही. त्याने पाखरीचे मागचे दोन्ही पाय या खुंटाला आवळले.

"बाळंतिणीला बांधत्यात व्हय, धनी?" ठकू म्हणाली. "पाय मोकळं ऱ्हाऊ द्या तिचं."

"आन् व्याह्याला लाथ लागली तर? पोरीला कोण नांदवंल?"

दिवस कलताना पाहुणे जेवायला बसले. ओढ्याकडून तुटक्या कानाचा एक लांडगा आला. घोडी ओरडली, पण पाहुण्यांच्या गलक्यात कुणाला ऐकू गेले नाही. ठकू धावली तेव्हा शिंगरू संपले होते, आणि तेही पाखरीच्या खुरांपासून हातभर अंतरावर. दोरी काचून घोडीच्या पायांची कातडी सोलून निघाली होती.

ठकूने पदराने कपाळाचे कुंकू पुसले. नवरा समोर जिवंत उभा होता. "पाखरीचा सूड पुरा होईस्तोवर मी कुकू लावणार न्हाई," ती म्हणाली.

गडी भाले घेऊन निघाले, तेव्हा तिने वाट अडवली. "सूड तुमचा न्हाई, तिचा हाय." तिने शिंगराच्या कातड्यात पेंढा भरला आणि ते पाखरीच्या मागे, त्याच जागी ठेवले. पिछाडी पुन्हा बांधायला लावली, पण या वेळी सुरगाठीने. गाठीचे टोक हातात घेऊन ती जवळच्या एका चरात आडवी झाली.

हैबती गयावया करत म्हणाला, "गाठ अडकली तर घोडी बी जाईल."

"मग तिच्यामागं मी जाईन. तुमी पाहुणं सांभाळा."

लांडगा आला तो एका पहाटे, फटफटताना. त्याने पेंढ्यात तोंड घातले आणि ठकूने दोरी ओढली. पहिल्या लाथेत त्याचा जबडा गेला. पण पाखरी थांबली नाही. ऊन वर येईपर्यंत ती त्याला तुडवत होती. खुंटाभोवतीचे हे खड्डे तेव्हाचे आहेत, म्हणे.

लांडग्याचा चिखल झाला, तरी ठकूने कपाळाला हात लावला नाही. ती नुसती हैबतीकडे पाहत राहिली.

घोड्याच्या मागे उभे राहू नये, हे धनगराच्या तान्ह्या पोरालाही कळते. हैबतीने काठी टाकली, पागोटे उतरवले आणि पाखरीच्या मागे जाऊन उभा राहिला. घोडीने मान वळवून पाहिले. मग लाथ घातली. हाड मोडल्याचा आवाज ओढ्यापर्यंत गेला.

तो पडल्यावर ठकू पुढे झाली. आधी घोडीच्या कपाळाला कुंकू लावले, मग स्वतःच्या, आणि मग नवऱ्याला उचलायला खाली बसली.

आजही दसऱ्याला घरधनीण कोऱ्या कपाळाने घोड्याजवळ येते. घरधनी बोडक्याने, रिकाम्या हाताने जनावराच्या मागे उभा राहतो. लाथ बसली तर कुणी घोड्याला बोल लावत नाही. नाही बसली, तर घरधनीण आधी घोड्याला आणि मग स्वतःला कुंकू लावते. मी लहानपणी पाहिले ते दसरे फार शांत असत. वाजंत्रीसुद्धा तेवढ्यापुरती थांबे.

लाथेचा भाग मागून कुणी जोडला असावा, असे मला कित्येक वर्षे वाटत असे. लांडगा मेल्यावर गोष्ट संपायला हवी. माणसाला शिक्षा देण्याची हौस ऐकणाऱ्यांची असते, असा माझा तर्क होता. पुढे रस्ता रुंद करताना हैबतीची म्हणून पुजली जाणारी समाधी हलवावी लागली. त्या वेळी मी तिथे हजर होतो. मांडीचे हाड मी स्वतः हातात घेऊन पाहिले. ते मधोमध मोडलेले होते आणि वाकडे सांधलेले होते.