मेलेल्याचा होकार

"मग आजवरचे सगळे टीकाकार चुकले, असं म्हणायला आपण का कचरतो, गुरुजी?" हेरंबने विचारलं.

भास्करशास्त्री सुपारी कातरत होते. "सगळे म्हणजे कोण?"

"सगळे." हेरंब जरा थांबला. "आपणही."

शास्त्रीबुवा रागावले नाहीत. हसलेही नाहीत.

काशीतल्या दक्षिणी ब्राह्मणांच्या आळीत तेव्हा एकच विषय चालला होता. चिमाबाई नावाच्या बाईचा नवरा पटकीने एका दिवसात गेला. मूलबाळ नव्हतं. चुलतदीर आपला धाकटा मुलगा तिला दत्तक द्यायला तयार होता. सख्ख्या दिराने हरकत घेतली. नवऱ्याच्या अनुज्ञेवाचून बाईने दत्तक घेऊ नये, असं शास्त्रवचन आहे, आणि नवरा तर काही न बोलताच गेला. दिराचा आधार होता भास्करशास्त्र्यांनी त्या वचनावर लिहिलेली टीका, म्हणजे त्याचा अर्थ उलगडणारा ग्रंथ. निवाडा पंडितांच्या सभेत व्हायचा होता, आणि चिमाबाईची बाजू हेरंब मांडणार होता.

"अनुज्ञा मागायची ती जिवंत नवऱ्याकडे," हेरंब म्हणाला. "नवराच नाही, तर मागायची कोणाकडे? ते वचन सधवेसाठी आहे. हा अर्थ नवा आहे, गुरुजी. मी तो नवा म्हणूनच मांडणार."

"सभा म्हणेल, ऋषींना जे ठाऊक नव्हतं ते तुला कसं कळलं?"

शास्त्रीबुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

"जुनाच अर्थ आहे असं सांग. बाईचं काम होईल."

"ते खोटं होईल. तो मी शोधलाय."

"कुठे शोधलास?"

"वचनातच."

"तू तिथे नेऊन ठेवलास?"

"नाही... होताच तिथे."

शास्त्रीबुवांनी सुपारी तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. अध्यक्षाचं आसन शास्त्रीबुवांचं. ते आले, आसनाकडे पाहिलं, आणि हेरंबच्या समोर, दिराच्या बाजूला जाऊन बसले.

"जुन्या मताची बाजू मी मांडतो," ते म्हणाले.

दाराआड बसलेल्या चिमाबाईने डोळ्यांना पदर लावला.

शास्त्रीबुवांनी आपलं मत असं मांडलं, की त्यांच्या टीकेतही ते इतकं भक्कम नव्हतं. हेरंबने आपला अर्थ सांगितला. शास्त्रीबुवांनी तो एका वाक्यात उडवला.

"नवऱ्याच्या हयातीत जिला मुभा नाही, तिला तो मेल्यावर कुठून आली?"

सभेतले काही पंडित माना डोलवू लागले.

हेरंबने दाराकडे पाहिलं. नवं-जुनं त्याच्या डोक्यातून केव्हाच गेलं होतं. दाराआडची बाई मात्र जाईना. तिच्या नवऱ्याला पिंड कोण देणार, एवढंच मनात घोळत राहिलं...

"अनुज्ञा का हवी?" तो सावकाश म्हणाला. "कारण मुलगा नवऱ्याचा व्हायचा. त्याचा होकार हवा, इतकंच. ज्याला पिंड द्यायला कोणी नाही, त्याने नकार दिला होता, हे कोण सांगेल? त्याचा होकार आहेच. दाखवायचाच असेल तर नकार दाखवा."

शास्त्रीबुवा दिराकडे वळले.

"तुमच्या भावाने कधी नकार दिला होता?"

दिराने मान खाली घातली. "नाही."

"मग माझ्यापाशी याला उत्तर नाही," शास्त्रीबुवा सभेला म्हणाले.

निवाडा चिमाबाईच्या बाजूने झाला. पहिली सही शास्त्रीबुवांनी केली.

संध्याकाळी हेरंब त्यांच्या पाया पडला.

"आपण इतके का लढलात? मी हरलो असतो, तर त्या बाईचं काय झालं असतं?"

"मी सोडून दिलं असतं, तर उद्या दुसरा कोणी लढला असता. ती तेव्हा हरली असती."

हेरंब हळूच म्हणाला, "गुरुजी, आपल्या टीकेच्या नव्या प्रती मीच उतरवणार आहे. ते जुनं मत... गाळू का?"

"गाळू नकोस," शास्त्रीबुवा म्हणाले. "तू उत्तर कोणाला दिलंस, ते मग कसं कळणार?"