रागीट घोयरा

एका राज्यात रंगाला सोन्याहून अधिक मान होता. तिथे हळदीच्या पिवळ्याला एक नाव होते आणि पिकल्या आंब्याच्या पिवळ्याला दुसरे. तिथला राजा हेमांगद दरबारात बसे, तेव्हा त्याच्या शेल्याचा रंग कोणता, यावर नगरात दिवसभर चर्चा चाले.

राजवाड्याच्या तळघरात एक पेटारा होता. तो उघडू नये, असा पूर्वजांचा दंडक होता. का उघडू नये, हे मात्र सांगणारे कोणी उरले नव्हते. हेमांगदाने तो उघडला. आत सप्तरंगी मणी होता. राजाने तो गळ्यात घातला, आरशात पाहिले आणि तो हसला. त्याच क्षणी मणी त्याच्या छातीला चिकटला.

दुसऱ्या सकाळी राजाच्या मिशा पांढऱ्या झाल्या. मग ओठ पांढरे झाले, मग डोळ्यांतले काळे. तो बागेतून चालला, तर त्याच्या पावलांजवळचे गवत पांढरे पडे. ज्याला स्पर्श करी, त्याचा रंग जाई. पुढे त्याची पावले खडूसारखी कडक झाली आणि तो कडकपणा गुडघ्यांकडे चढू लागला. वैद्य आले, मांत्रिक आले, मान हलवून परत गेले.

राजाला एकच कन्या होती. तिचे नाव शाल्मली. ती जवळ आली, की राजा हात पाठीमागे घेई.

"तात, निदान हात तरी धरू द्या," ती म्हणे.

"दूर राहा, बाळ. तुझ्या गालांवर जो रंग आहे, तोच मी तुझ्या आईच्या गालांवर पाहिला होता. तो मी खाणार नाही."

एके दिवशी शाल्मली राजवाड्यामागच्या बांबूच्या बेटाजवळ रडत बसली होती. तिथे एक भारद्वाज उतरला. काळे अंग, विटकरी पंख, गुंजेसारखे लाल डोळे. तो माणसासारखा बोलला, आणि शाल्मलीने माणसासारखे ऐकले.

"राजकन्ये, तो मणी कज्जला मायाविनीचा. घोयऱ्यांचे रंग काढून तिने तो घडवला. तुझ्या पणजोबाने तो बळाने आणला, म्हणून तिने शाप दिला, की जो तो घालील त्याचे रंग मणी खाईल."

घोयरा म्हणजे झाडावर राहणारा, रंग बदलणारा सरडा. शाल्मलीने तो लांबून एकदाच पाहिला होता.

"उःशाप काय?" तिने विचारले.

"निरोगी घोयऱ्याने आपल्या मर्जीने त्या मण्यावर पाय ठेवला, तर मणी फुटेल. आजारी घोयऱ्याने ठेवला, तर घोयराही जाईल आणि राजाही. असा घोयरा कज्जलेच्या बागेतच मिळेल."

"पण निरोगी कोणता, हे मला कसे कळेल? मी आजवर साधे मांजरसुद्धा पाळलेले नाही."

"मला कळते," भारद्वाज म्हणाला. "मी सरडे खातो. आजारी कोण, ते मला उंच फांदीवरून दिसते, कारण तोच माझा घास. ज्याला मी सोडून देतो, तो निरोगी."

शाल्मलीच्या अंगावर काटा आला. मग तिने विचारले, "मला मदत का करतोस?"

"राजा चालला, तिथला बांबू पांढरा पडला. माझी पिल्ले पांढरी निपजली. पांढरे पिल्लू शिकऱ्यासारख्या शिकारी पक्ष्याला दुरून दिसते."

शाल्मलीने डोळे पुसले आणि ती उठली.

कज्जलेची बाग नदीपलीकडे, उंच दगडी कुंपणाच्या आत होती. कज्जला फाटकात उभी होती. तिचे केस काजळासारखे काळे होते, आणि तिची सावली मात्र पांढरी होती.

"हेमांगदाची मुलगी," ती म्हणाली. "ये. शाप देणाऱ्याला उःशापाची वाट अडवता येत नाही, अवघड मात्र करता येते. आत तीन झाडे आहेत. प्रत्येक झाडावरून एक घोयरा निवड. फाटकाबाहेर जो टिकेल, तो तुझा. तिन्ही वेळा चुकलीस, तर इथेच पांढरी होऊन उभी राहशील. आणि तो पक्षी आत येणार नाही."

भारद्वाज कुंपणावर बसला. "आधी बघ, मग उचल," एवढेच तो म्हणाला.

पहिले झाड चाफ्याचे होते. भर दुपार होती. फांदीवर एक घोयरा बसला होता, सोन्याच्या पत्र्यासारखा झळझळीत. शाल्मलीने हात पुढे केला. तो ना फुगला, ना हलला. मुकाट्याने तळहातावर आला आणि डोळे मिटून पडून राहिला. 'किती शहाणा, किती माणसाळलेला!' असे मनात म्हणत तिने त्याला पदराखाली घेतले आणि ती फाटकाकडे धावली. फाटक ओलांडताच तिच्या हातात वाळलेले पान उरले.

"डोळे उघडे होते का त्याचे?" भारद्वाजाने विचारले.

"मिटलेले होते."

"ऊन डोक्यावर असताना जो झोपतो, त्याच्या अंगात त्राण नसते. अशाला मी एका झेपेत उचलतो. तुला वाटले शहाणा, तो होता थकलेला."

दुसरे झाड पेरूचे होते. त्यावरचा घोयरा निळा, हिरवा, केशरी असा रंगांची उधळण करीत होता. शाल्मलीने या वेळी नीट डोळे पाहिले. ते उघडे होते, गोल होते, टपोरे होते. तिला आनंद झाला. तिने फांदीसकट त्याला उचलले. फाटकाशी वाऱ्याची झुळूक आली, फांदी जराशी हलली, आणि घोयरा पिकल्या फळासारखा खाली पडला. जमिनीवर एक खडा उरला.

"पाय कसे होते?" भारद्वाजाने विचारले.

शाल्मलीने आठवून पाहिले. "कोपरांत वाकलेले होते. धनुष्यासारखे. पोट फांदीला टेकले होते."

"मग त्याची हाडे मऊ होती. ज्याची पकड गेली, त्याचे झाड गेले. राजकन्ये, मी भुकेला असतो, तरी घाई करीत नाही. तू का करतेस?"

"कारण माझ्या वडिलांची कंबर आता दगडाची झाली असेल!" ती ओरडली. मग म्हणाली, "बरोबर आहे तुझे. आता मी बघते."

तिसरे झाड जास्वंदीचे होते. त्यावर दोन घोयरे होते. शाल्मली झाडापासून थोडी दूर, मातीवर मांडी घालून बसली, आणि काही न करता पाहू लागली.

वरच्या फांदीवरचा घोयरा साध्या पानासारखा हिरवा होता. त्याचा एक डोळा पुढच्या फुलाकडे वळला होता आणि दुसरा शाल्मलीकडे. दोन्ही डोळे छोट्या शंकूंसारखे फिरत होते, आपापल्या वाटेने, जणू एकाच देहात दोन पहारेकरी नेमले होते. त्याने पाय उचलला. बोटे दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखी जुळलेली. पुढे झुलला, मागे झुलला, वाऱ्याने पान हलावे तसा, आणि मग कुठे पाऊल टाकले. शेपटी फांदीभोवती वेटोळे घालून बसली होती. वाऱ्याने सारे झाड हलले. तो हलला, पण सुटला नाही. दूरच्या पानावर एक नाकतोडा बसला. घोयऱ्याचे दोन्ही डोळे एकदम त्याच्यावर स्थिरावले. जीभ कधी बाहेर आली, ते शाल्मलीला दिसलेच नाही. नाकतोडा मात्र पानावर नव्हता.

शाल्मली आपले दुःख क्षणभर विसरली. रंगांच्या राज्यात जन्मूनही एवढे सुंदर काही तिने पाहिले नव्हते, आणि तो तर नुसता हिरवा होता.

ती जवळ सरकली. घोयरा फुगला. गळा ताणून, तोंड उघडून फिसकारला, आणि अंगावर काळे ठिपके उमटवून तिला बजावू लागला, की पुढे येऊ नकोस.

तेवढ्यात खालच्या फांदीवरचा दुसरा घोयरा सरपटत तिच्या बोटांपर्यंत आला. त्याचे डोळे आत ओढलेले होते. कातडी बरगड्यांवर सैल लोंबत होती. त्याने आपले डोके तिच्या बोटावर टेकवले.

कज्जला मागे येऊन उभी होती. "तो तुझ्यापाशी आला. वरचा तुला हाकलतो आहे. घेऊन जा बिचाऱ्याला. दया नाही का तुला?"

शाल्मलीचे डोळे भरून आले. पण तिने त्याला उचलले नाही.

"दया आहे, माते. म्हणूनच नेत नाही. मला अजून पाळता येत नाही. ज्याला जाणत्या हाताची गरज आहे, त्याला मी नेले, तर तो माझ्या वडिलांसकट मरेल, आणि मी मात्र स्वतःला दयाळू म्हणत राहीन."

तिने जास्वंदीचे पान झाडाच्या आळ्यातल्या पाण्यात बुडवून त्या आजारी घोयऱ्याच्या तोंडाजवळ धरले. पानावरून थेंब ओघळला, त्याने तो चाटला. पुन्हा थेंब, पुन्हा चाटला. कज्जला पाहत राहिली. ही बाग लावल्यापासून तिथल्या घोयऱ्यांना कोणी पाणी पाजताना तिने पाहिले नव्हते, आणि आपणही कधी पाजले नाही, हे तिला त्या वेळी कळले.

मग शाल्मलीने एक तोडलेली फांदी रागीट घोयऱ्यासमोर धरली. हात लांब ठेवला. तो फुगला, फिसकारला, आणि बऱ्याच वेळाने रुबाबात त्या फांदीवर चढला. शाल्मली फाटकाबाहेर आली. फांदीवर घोयरा होता. हिरवा, जिवंत आणि रागावलेला.

"हा मी सोडून दिला असता," भारद्वाज म्हणाला. "आता मी उडतो दूर. मला पाहून तो भिईल."

दरबारात हेमांगद सिंहासनावर बसला होता. आता तो छातीपर्यंत खडूचा झाला होता. फक्त मान आणि एक हात जिवंत होता. शाल्मलीने सिंहासनाच्या शेजारी जास्वंदीची मोठी कुंडी ठेवविली आणि घोयऱ्याला तिच्यावर सोडले.

सेनापती पुढे झाला. "राजकन्ये, आज्ञा द्या. याला धरून मण्यावर ठेवतो."

"हात लावू नका," शाल्मली म्हणाली. "मर्जीनेच यायला हवा."

"बाळ, मला वेळ थोडा आहे," राजा हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे, तात. पण ओढून आणला, तर तो भीतीने काळा होईल, आणि तुमच्या अंगात काळेच उतरेल. थोडे माझ्यासारखे करा. त्याच्याकडे बघा."

राजाने पाहिले. सगळा दरबार पाहू लागला. घोयऱ्याने एका डोळ्याने सेनापतीला पाहिले, दुसऱ्याने छताला. तो कोणाच्या घाईत नव्हता. राजाच्या गळ्यापर्यंत पांढरेपण चढले. शाल्मलीने आपले दोन्ही हात घट्ट धरून ठेवले, की नकळत ते पुढे होऊ नयेत.

मण्यावर एक माशी येऊन बसली. साधी, हिरवट अंगाची माशी.

घोयऱ्याचे दोन्ही डोळे वळले. तो कुंडीच्या टोकाला आला, पुढे झुलला, मागे झुलला. राजाच्या खडू झालेल्या हातावर त्याने एक पाऊल ठेवले; आता रंग खाणारा उरला होता तो फक्त मणी. मग दुसरे. हातावरून दंडावर, दंडावरून छातीवर. जीभ सुटली, माशी गेली. आणि तोल सावरण्यासाठी त्याने पुढचा पाय सप्तरंगी मण्यावर टेकला.

मण्याने त्याचे रंग खेचले. घोयरा शेवंतीसारखा पांढरा झाला. शाल्मलीच्या तोंडून हुंदका निघाला. पण त्या छोट्या देहात जोर होता. त्याची पकड सुटली नाही. पांढऱ्यातून पोपटी फुटला, पोपटीतून हिरवा, हिरव्यातून निळा, केशरी, आणि मण्याने जेवढे खाल्ले, त्याच्या दुप्पट तो देत गेला, देत गेला, आणि मणी तडकला.

त्यातून रंग सांडले. ते राजाच्या अंगात शिरले, गवतात शिरले, बांबूच्या बेटात शिरले. उरले ते नदीपलीकडे गेले. भारद्वाजाने नंतर सांगितले, की कज्जलेच्या बागेत साऱ्या घोयऱ्यांचे आत ओढलेले डोळे पुन्हा टपोरे झाले, पाय सरळ झाले, आणि मायाविनी स्वतः झाडांवर पाणी शिंपीत होती. तिची सावली काळी झाली होती.

हेमांगदाने पहिले काम केले ते हे, की मुलीचा हात हातात घेतला. बराच वेळ त्याला दुसरे काही सुचले नाही.

मग त्याने आज्ञा केली, "या घोयऱ्यासाठी सोन्याचा पिंजरा घडवा. मी याला रोज हातावर घेईन."

"नाही, तात," शाल्मली म्हणाली. "याला झाड हवे. सकाळचे ऊन हवे, पानांवर पाणी हवे, आणि शेजारी दुसरा घोयरा नको. हातावर तर मुळीच नको. त्याला ते आवडत नाही."

"मग पाळायचा तो कशासाठी?"

"बघण्यासाठी."

रंगांसाठी आयुष्यभर झुरलेला तो राजा सिंहासनावरून उतरला आणि जास्वंदीपुढे मातीवर बसला. घोयरा त्याच्याकडे पाहून फुगला आणि फिसकारला. राजा दोन बोटे मागे सरकला, आणि मान देऊन पाहत बसला.

त्या राज्यात पुढे सारे सुखाने नांदले. ऐकणाऱ्याचे डोळे तसेच उघडे राहोत, आणि पकड तशीच घट्ट.