निरोपाचा विडा

एका राज्यात एक नगर होतं. वेशीतून माल यायचा, पेठेत गिऱ्हाईक यायचं. पण दुकान उघडायचं म्हटलं की माणूस म्हातारा व्हायचा. कारण राजा मेघवर्म्याच्या दरबारात सल्लागारांची मंडळं बसली होती, आणि बसलेलं मंडळ उठत नव्हतं. पणत्या विकायच्या तर वातमंडळाचा परवाना, तेलमंडळाचा परवाना, आणि उजेड किती पडावा यावर सल्ला देणारं आणखी एक मंडळ. मंडळं फार झाली म्हणून ती कमी कशी करावीत हे ठरवायला राजाने एक मंडळ नेमलं. तेही बसलं. सल्लागारांच्या मांड्यांना मुळं फुटून ती गालिच्यात रुजली, दाढ्यांत चिमण्यांनी घरटी केली. बोलणं मात्र थांबलं नाही. सल्ला देणाऱ्याचं काय जातं? जीभ आपली, भाकरी दुसऱ्याची.

त्या नगरात हौसा काचारीण आली, बांगड्यांची भट्टी घालायला. तिच्या हातात मडकं, मडक्यात माहेरच्या भट्टीचा विस्तव. पिढ्यान्‌पिढ्या तो विझला नव्हता. त्यावर घडलेली बांगडी लेणारीच्या मनाप्रमाणे रंग बदलायची. माहेरची भट्टी नदीने नेली, आता उरला तो मडक्यातला निखारा. तो विझला की ती कला जगातून गेली. आणि परवान्याशिवाय भट्टी पेटवणाऱ्याला नगराबाहेर काढत.

हौसा दरबारात गेली. राजा एकटाच उभा होता. सिंहासनावरसुद्धा मंडळ बसलं होतं, त्याला टेकायला जागा नव्हती.

"महाराज, भट्टीला परवाना द्या. विस्तव थांबायचा नाही."

"बाई, माझी ना नाही. पण धूरमंडळाला विचारलं पाहिजे."

धूरमंडळ म्हणालं, "काचमंडळाचं मत घ्या." काचमंडळ म्हणालं, "मनगटमंडळ काय म्हणतं?" मनगटमंडळाचा प्रमुख झोपला होता. झोपेतच तो म्हणाला, "विचार चालू आहे."

"यांना उठवा की," हौसा म्हणाली.

"माझ्या बापाच्यानेही उठले नाहीत," राजा म्हणाला.

कोपऱ्यात शेवाळाचा ढीग होता, त्यावर साळुंकी बसली होती. ती बोलली, "हा शाप आहे, हौसाबाई. महाराजांच्या आजोबांनी बाजार कुठे भरवावा हे विचारायला एका जादूगाराला बोलावलं. सल्ला घेतला, आणि निरोपाचा विडा न देताच शिकारीला निघून गेले. दरबारातून विड्याशिवाय कसं उठणार? तो वाट बघून बघून संतापला आणि म्हणाला, 'या दरबारात सल्ल्याला बसलेला कुणीच उठणार नाही.'"

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही. मी कुठल्या मंडळात नाही."

"विडा दिला तर सुटेल?"

"साधा नाही चालायचा. नागाच्या मळ्यातलं पान, बोलत्या तळ्यातल्या शिंपल्यांचा चुना, आणि ढगात शेंडा गेलेल्या पोफळीची सुपारी. ते घेऊन या, मग कुणाला द्यायचा ते सांगते."

मडकं कडेवर घेऊन हौसा निघाली.

पानमळ्याच्या तोंडाशी नाग फणा काढून होता. हौसाने वहाणा बाहेर काढल्या, भुईला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत पाऊल टाकलं.

"राजाचे शिपाई आले होते," नाग म्हणाला. "वहाणांसकट मळ्यात शिरले."

"आईने शिकवलं नसेल."

नाग बाजूला झाला, वर कोवळं पान कुठलं तेही त्याने दाखवलं.

तळ्याने शिंपले काठावर आणून टाकले आणि म्हटलं, "हे साध्या आगीत भाजत नाहीत. कधीच न विझलेला विस्तव लागतो." हौसा मडक्याकडे बघत राहिली. जपला तर परवाना नाही, खर्चला तर भट्टी नाही. मग ती स्वतःशीच म्हणाली, "झाकून ठेवलेला विस्तव कुणाच्या कामाचा?" तिने शिंपले भाजले. चुना झाला. निखारा उरला जोंधळ्याच्या दाण्याएवढा.

पोफळ काही केल्या वाकेना. हौसा खालून म्हणाली, "एवढी उंच झालीस, पण तुझी सावली पडते शेजारच्या गावात. बुंध्याशी आलेलं माणूस उन्हातच." पोफळ चपापली, स्वतःची सावली शोधायला खाली वाकली. हौसाने सुपारी तोडली.

दरबारात येऊन तिने विचारलं, "सांग, विडा कुणाला?"

"माझ्या पायाखाली बघा," साळुंकी म्हणाली.

शेवाळ खरवडलं. आत जादूगार बसला होता. शाप देताना त्याचं एवढंच चुकलं होतं की तोही सल्ल्यालाच आलेला होता.

राजाने विडा लावला, दोन्ही हातांनी पुढे केला. "आजोबा चुकले. आपण निरोप घ्यावा."

जादूगाराने विडा तोंडात घातला. "चुना अंमळ जास्त झालाय. पुढच्या वेळी..."

"कुणी विचारलं नाही," हौसा म्हणाली.

जादूगार पोट धरून हसला, आणि हसता हसता उठला. तो उठला तशी गालिच्यातली मुळं सुटली. मंडळामागून मंडळ उठलं. आपल्याला पाय आहेत याचंच कित्येकांना नवल वाटलं. घराची वाट विचारत सगळे पांगले.

राजा सिंहासनावर बसला. पहिल्यांदाच बसला.

"बसलात, बरं झालं," हौसा म्हणाली. "आता परवान्याचं बघा. विस्तव जातोय."

राजाने तिथल्या तिथे कायदा केला. एक खिडकी, एक शिक्का, आणि तीनच प्रश्न. शेजाऱ्याला जाच नाही ना? माप खोटं नाही ना? आग लागली तर पाणी जवळ आहे ना? सल्ला लागला तर जाणत्याला बोलवावं, ऐकावं, आणि दिवस मावळायच्या आत विडा देऊन वाटेला लावावं.

"भट्टी वेशीपाशी, धूर माळावर जाईल. बांगड्या गिऱ्हाइकासमोर मोजीन. हौद भरून ठेवलाय," हौसा म्हणाली. शिक्का पडला. तिने निखारा भट्टीत ठेवून फुंकर घातली. राख उडाली, एक ठिणगी दिसली, आणि भट्टी धडधडून पेटली.

त्या संध्याकाळी मनगटमंडळाचा प्रमुख आपल्या दारात पोचला. बायकोने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि हातात घागर दिली. "आलात? आता बसू नका. पाणी भरायचंय."

तो पाणी भरायला गेला. त्या नगरातले जसे उठले तसे तुमच्याही वाटेत बसलेले उठोत, आणि कष्टाच्या हाताला भट्टी मिळो.