पाळ पाळण्याची कहाणी

शके सतराशे बारा, साधारण नाम संवत्सर, ज्येष्ठ वद्य तृतीया. मृग कोरडा गेला होता, आर्द्रा ओतत होत्या. ऐका साती आसरांनो, तुमची कहाणी.

निंबसर नावाचं गाव होतं. गावाच्या वर तळं होतं. तळ्याचं पाणी अडवायला मातीची पाळ होती. पाळीच्या टोकाला एक शिळा होती, तिला शेंदूर होता. वाडवडील सांगून गेले होते, वैशाखी पुनवेला पाळ पाळावी. मग गाव काय करी? त्या दिवशी नांगर सोडी, जातं थांबवी, घरात बसून पुरण खाई. पाळीवर कुणी पाऊल ठेवीना. शिळेला शेंदूर थापी आणि म्हणे, पाळ पाळली.

त्या गावात येसाई कुंभारीण होती. नवरा नव्हता, मुलगा परमुलखी होता. घर अगदी पाळीखाली. घरात सून चार दिवसांची बाळंतीण.

येसाई मडक्यांसाठी माती आणायला गेली. पहिल्या दिवशी पाळीच्या पायथ्याशी ओल दिसली, पणतीएवढी. दुसऱ्या दिवशी पाझर दिसला, सुपाएवढा. पाणी निवळ होतं. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ आलं. येसाईनं ते ओंजळीत धरून पाहिलं. गढूळ म्हणजे पाणी माती घेऊन निघालं. पाळ आतून पोकळ होत होती.

मग ती पाटलाकडे गेली. सुभानजी पाटील ओसरीवर पान लावीत होता. म्हणाला, "काकी, तुझं मडकं गळलं तर मला सांगायला येतेस होय?"

"मडकं गळलं तर माझं पाणी जाईल, पाटील. हे गळलं तर तुमचं गाव जाईल."

पाटील हसला. उठला नाही.

मग ती जोश्याकडे गेली. जोशी म्हणाला, "पुनवेला तू पाळीवर चढलीस. मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून कोप झाला."

"माझ्या पायांनी पाऊस आला? पाऊस दर साली येतो, भटजी. खेकड्यांनी पाळ पोखरली. ती भोकं कुणी बघितली?"

जोश्यानं दार लावलं.

मग ती पारावर गेली. पारावर माणसं जमली होती. माणसं म्हणाली, शिळेला नारळ फोडू, कोंबडं देऊ, आणखी शेंदूर लावू. येसाई म्हणाली, "शेंदराखाली वाडवडिलांनी काय ठेवलं, ते आधी बघू." घरी गेली, खुरपं घेतलं, पाळीवर चढली आणि शिळेचा शेंदूर खरवडू लागली.

गावात ओरड झाली. पाटील धावला, जोशी धावला, सगळा पार धावला. "रांडे, देव सोलतेस?"

"सोलते. या, बघा."

शेंदूर हातभर जाड होता. पहिला थर निघाला, दुसरा निघाला, तिसरा निघाला. खाली दगड लागला. दगडावर एक टोपली कोरली होती. टोपलीजवळ माती चोपायचं धुम्मस कोरलं होतं. खाली अक्षरं होती. जोश्यानं वाचली: पाळ पाळावी.

मग येसाई बोलली. "गाय पाळता म्हणजे काय करता? गोठ्याला कडी घालून पुरण खाता? तिला चारा घालता, तिचं शेण काढता, तिच्या अंगावरून हात फिरवता. तशी पाळ पाळायची होती. आपण शब्द धरला आणि काम सोडलं."

पाटलानं पागोटं काढून कमरेला बांधलं. म्हणाला, "काकी, आता सांग."

"आधी माणसं हलवा. पोरं, म्हातारी, बाळंतिणी टेकडीवर न्या. माझी सून बाजेवर उचला. मग सांडवा मोकळा करा, तळ्याचं जादा पाणी तिथून जातं. तिथं तुमचा गोठा आहे, पाटील."

पाटलानं आपल्या हातानं गोठा पाडला.

"आता पाझर. तो बुजवू नका, बुजवाल तर दुसरीकडून फुटेल. वर वाळू टाका, वाळूवर खडी, खडीवर धोंडे. पाणी येऊ द्या, माती अडवा."

डफ वाजू लागला. कोनवडी गाव पल्याडच्या खोऱ्यात होतं. त्यांना पुराचं भय नव्हतं. तरी डफ ऐकला आणि साठ माणसं टोपल्या घेऊन आली. कुणी बोलावलं नाही, कुणी विचारलं नाही. दिवसभर वाळू वाहिली. वाळू गेली, खडी गेली, धोंडे गेले. दिवस कलता पाझराचं पाणी निवळ झालं.

सांडव्याचं पाणी कुंभारवाड्यात शिरलं. येसाईची भट्टी गेली, चाक गेलं. माणूस एक गेलं नाही. टेकडीवर सुनेनं लेकराला पाजलं. येसाई म्हणाली, "चाक काय, पुन्हा घडवू."

बायांनी येसाईला विचारलं, "बाई, बाई, हा वसा कसा घ्यावा?"

येसाई म्हणाली, "वैशाखी पुनवेला घरटी पाच टोपल्या माती पाळीवर घालावी, धुम्मसानं चोपावी. खेकड्याचं भोक, घुशीचं भोक, झाडाचं मूळ बघावं. पिंपळाचं रोप दिसलं तर हात जोडावे आणि उपटून दुसरीकडे लावावं. सांडव्यात कुणी घर, गोठा, खळं करू नये, पाटलानंही नाही. पावसात पाळीपाळीनं राखण करावी. पाणी निवळ की गढूळ, ते गावाला सांगावं. सांगणाऱ्याला हसू नये. मग पुरण खावं."

गावानं वसा घेतला. मोठे पाऊस झाले, पाळ राहिली. जसा येसाईला पाझर वेळेवर दिसला, तसा तुम्हा आम्हाला दिसो. जसं निंबसर राहिलं, तशी ऐकणारांची घरं राहोत. साठ टोपल्यांची कहाणी पाच टोपल्यांत भरली, फळाला आली.

एक ऋण तेवढं राहिलं होतं. तिसऱ्या साली चैत्रात कोनवडी जळाली. वारा होता, गवताची छपरं होती, अर्धं गाव उघड्यावर आलं. निंबसरच्या पाटलानं डफ वाजवला. कुडाच्या काठ्या, गवताचे भारे, शिजलेलं अन्न घेऊन माणसं निघाली. पुढे येसाई, डोक्यावर पाण्याचे दोन डेरे. माणसं सात दिवस राहिली, शेवटचं छप्पर शाकारून परतली. कोनवडीची साठ आली होती, निंबसरची साठ गेली. ऋण फिटलं.