शेपटीतली दोन पिसं

एका राज्यात माणसं थोडी आणि पुतळे फार. जिन्यावर पुतळे, मुदपाकखान्यात पुतळे, वेशीवर भाला धरलेला पुतळा. जिवंत उरले होते दोघंच: राजा वीरसेन आणि त्याची लेक कुमुदिनी. आणि सोन्याच्या पिंजऱ्यात एक पोपट.

कुमुदिनी रोज सकाळी आईच्या दगडी खांद्यावरची धूळ पदरानं पुसायची, तिच्यापुढे दुधाची वाटी ठेवायची आणि सांजेला तीच भरलेली वाटी उचलायची. रिकाम्या दालनांत स्वतःच्याच पैंजणांना दचकायची, म्हणून पैंजण तिनं काढून टाकले होते. पूर्वी दरबार हसायचा, "राजकन्येपेक्षा पाखरू धीट!" आता हसायलाही कुणी नव्हतं.

पोपट दिला होता एका मांत्रिकानं. जाताना म्हणाला होता, "याचं एक पीस, तुमचं एक माणूस. पीस गळेल, माणूस दगड होईल." राजानं पिंजरा मानानं दरबाराच्या मधोमध टांगला आणि रीत पाडली. कामाला निघणाऱ्यानं अंगठीनं पिंजऱ्यावर तीनदा टकटक करायची, पोपटानं 'यश मिळो' म्हणायचं, मगच उंबरा ओलांडायचा. दिवसभर टकटक चाले. पोपट 'यश मिळो' म्हणे आणि चोचीनं आपलंच पीस उपटी.

राजा उपाय शोधायला निघाला, तोही टकटक करूनच. सात डोंगरांपलीकडून लेप घेऊन आला, तर सेनापती दगड. पुन्हा टकटक करून निघाला, सर्पांच्या तळ्यातलं पाणी घेऊन आला, तर राणी दगड. आता उघड्या अंगाच्या पोपटाच्या शेपटीत दोनच पिसं उरली. एक राजाचं, एक लेकीचं. कोणतं कुणाचं, कोण जाणे.

तिसऱ्यांदा राजानं कंबर कसली. "आता मांत्रिकालाच धरून आणतो," म्हणाला आणि अंगठी घातलेली मूठ उचलली.

टक.

कुमुदिनी दचकली. त्याच क्षणी पोपटही दचकला. दोघांचे खांदे एकदमच वर गेले, आणि ते तिनं पाहिलं.

टक.

पोपटाची मान मागे वळली. शेपटीतलं पीस चोचीत आलं.

तिसऱ्या वेळी कुमुदिनीनं मध्ये हात घातला. अंगठी तिच्या बोटांवर बसली, रक्त आलं.

"बाजूला हो, बाळ. शकुनाशिवाय निघू?"

"निघूच नका, आबा. तो भितोय."

"मला? मी तर त्याला रोज डाळिंब देतो!"

"डाळिंब तुम्ही मलाही देता, आबा. तरी मी दचकतेच."

राजाची मूठ खाली आली. कुमुदिनीनं हळूच पोपटाला विचारलं, "तुला काय हवं रे?"

आजवर हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं चोचीतलं पीस न उपटता सोडलं.

"पाठीशी भिंत," पोपट म्हणाला. "सूर्य मावळला की अंधार. आणि जवळ कुणीतरी, उगी बसणारं."

पिंजरा कोपऱ्यात गेला. मावळतीला तिनं त्यावर आईची शाल पांघरली. चोचीला चाळा म्हणून कडुलिंबाची फांदी दिली. तिसरं काम मात्र अवघड. राजाला निघणं ठाऊक, बसणं ठाऊक नव्हतं. त्यानं अंगठी काढली, वाजू नये म्हणून कापसात गुंडाळली आणि लेकीशेजारी मांडी घातली. कितीतरी दिवस दोघं नुसतीच बसली. पोपट फांदी सोलत राहिला.

एकविसाव्या दिवशी त्याच्या छातीवर हिरवा कोंब दिसला. मागून आवाज आला, "कुमुद, दूध निवलं की गं."

पिसामागून पीस, माणसामागून माणूस. सेनापती जागा झाला, आणि सवयीनं मूठ उचलून पिंजऱ्याकडे निघाला. राजानं ती हवेतच धरली.

तेवढ्यात बाहेर कुठेतरी दार आपटलं. भरल्या दरबारात कुमुदिनी दचकली. कुणी हसलं नाही. पोपट दांडीवरून सरकत सरकत तिच्या बाजूला आला आणि कुणी न शिकवलेलं बोलला, "मी आहे."

त्या राज्यात आजही कामाला निघालेला माणूस उंबऱ्याशी थांबतो, पाऊल हलकं करतो आणि गुपचूप निघतो. यश मिळायचं ते मिळतंच.