न डगमगणारा बोर्ड

“मग बोर्डची रुंदी किती असावी, मास्तर?”

खोबरेकर मास्तर वल्ह्याच्या मुठीवर वाळलेलं मीठ अंगठ्याने खरवडत होते. ते खरवडतच राहिले.

“बत्तीस इंच पुरे? की चौतीस? आणि शेपटीकडे निमुळता चालेल, की रुंदच हवा?”

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे शिक्षक. खाडी समुद्राला मिळते तिथल्या वाळूवर ते लोकांना बोर्डवर उभं राहून वल्हवायला शिकवत. विचारणारा यशोधन पुण्याचा. तलावातल्या शर्यती जिंकलेला, बोर्डांविषयी मिळेल ते वाचलेला, आणि वाचलेलं पोटात न राहणारा. त्याला एकच गोष्ट हवी होती. मास्तरांनी म्हणावं, उद्यापासून माझ्याबरोबर तूही शिकव. मागच्या दोन्ही मोसमांत त्याने हे मागितलं होतं आणि दोन्ही वेळा मास्तरांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. यंदा तो नोकरी सोडून आला होता. त्याला चहा नको होता.

मास्तरांनी वल्हं खाली ठेवलं.

“बाहेर वारो बघलंस?”

यशोधनने पाहिलं. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर पडत होतं आणि समुद्रावरचा वारा त्याला मागे रेटत होता. त्या दोघांच्या भांडणात, पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर लाटा कशाही उठत होत्या, कुठूनही येत होत्या. पाणी कमरेएवढंच, पण क्षणभरही स्वस्थ नव्हतं.

“नलिनीबाईंका आज थंय न्यायचा आसा. तू ने. बोर्ड तूच निवड.”

नलिनीबाई बाजूलाच लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत होत्या. सांगलीच्या पोस्टातून रिटायर झालेल्या. आठवडाभर खाडीच्या शांत पाण्यात उभं राहायला शिकल्या होत्या, आणि आता घरी जाण्याआधी एकदा तरी लाटेवर उभं राहायचं म्हणून हटून बसल्या होत्या. दुपारची त्यांची गाडी होती.

ही आपली परीक्षा आहे, हे यशोधनने ओळखलं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

बाकीचे बोर्ड पर्यटकांबरोबर खाडीत गेले होते. वाळूवर तीन उरले होते. यशोधन प्रत्येकापाशी वाकला, कडा चाचपल्या, पालथे करून पाहिले. घाई केली नाही.

“हा लाल तर माझाच. लांब आणि अरुंद. सपाट पाण्यात पळतो, पण आडवी लाट आली की उलटणार. हा पांढरा लाटेवर झटकन वळेल, पण शेपटीला निमुळता आहे. पाय मागे नेला की बुडेल. पिवळा रुंद आहे, आणि नुसता मधे नाही, पार शेपटीपर्यंत रुंद आहे. कडा जाड, खाली माशाच्या परांसारखे तीन फिन. या पाण्यात न डगमगणारा हाच.”

“पक्का?”

“पक्का.”

“बरोबर,” मास्तर म्हणाले.

यशोधनला झालेला आनंद त्याला लपवताही आला नाही. मास्तरांच्या तोंडून हा शब्द तो पहिल्यांदाच ऐकत होता. त्याने पिवळा बोर्ड काखेत मारला. मग त्याचं बाईंकडे लक्ष गेलं.

“काकू, तुम्ही माझा लाल घ्या. खरं तर मी तो कुणाला देत नाही. तलावात याच्यावरून मी कधी पडलो नाही.”

“तुमचा बक्षिसाचा?” नलिनीबाई संकोचल्या. “नको हो, ओरखडा-बिरखडा पडायचा.”

“पडू दे.”

हे तो अगदी मनापासून म्हणाला. एवढं त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

मास्तर वाळूवर बसले आणि पाय लांब केले.

दांड्यावर नलिनीबाई गुडघ्यांवर होत्या तोवर बऱ्या होत्या. उभ्या राहिल्या की पडत. पुन्हा चढत, पुन्हा पडत. यशोधन मात्र पिवळ्या बोर्डवर अंगणात उभं राहावं तसा उभा होता.

“समोर बघा, काकू. पायांकडे नको. गुडघे सैल सोडा. वल्हं पाण्यातच ठेवा, तो आपला तिसरा पाय.”

सगळं बरोबर सांगत होता. बाई सगळं तसंच करत होत्या, आणि पडत होत्या.

मधूनच तो किनाऱ्याकडे नजर टाकी. मास्तर बघत होते. पण त्याच्याकडे नाही.

एका लाटेने नलिनीबाईंच्या नाकातोंडात पाणी गेलं. खोकत खोकत त्या बोर्ड धरून उभ्या राहिल्या. हसायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

“जाऊ दे. तुम्ही चांगलं शिकवताय हो. माझंच वय झालं. ...मी बसते तिकडे वाळूवर.”

आणि त्या लाल बोर्ड किनाऱ्याकडे ढकलू लागल्या.

यशोधनने ‘बरं’ म्हणायला तोंड उघडलं. त्याला म्हणवेना. त्याने खाली पाहिलं. पिवळ्या बोर्डवर त्याचे दोन पाय ऐसपैस पसरले होते. इतका वेळ ते तिथेच होते आणि त्याला दिसले नव्हते. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो पाण्यात उतरला.

“काकू, थांबा. बोर्ड बदलू.”

“आणि तुम्ही काय करणार?”

“तुम्ही चढा हो.”

त्याने आपल्या घोट्याला बांधलेली पिवळ्या बोर्डची दोरी सोडली आणि बाईंच्या घोट्याला बांधली. मग लाल बोर्डवर चढला.

चढला, आणि उलटला. पुन्हा चढला. वल्हं एकीकडे, तो एकीकडे. खाडीतून परतणाऱ्या होडीतली दोन-चार मंडळी हा तलावाचा विजेता बघायला थांबली आणि मोकळेपणाने हसली. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. बोर्डला लोंबकळूनच तो ओरडत होता, “उजवा गुडघा, काकू... उजवा. वाकवा. आता वल्हं घाला. घाला.”

नलिनीबाई उभ्या राहिल्या. एक बुटकी लाट त्यांच्या मागून आली, पिवळा बोर्ड तिने उचलला आणि बाईंना उभ्याच्या उभ्या किनाऱ्यापर्यंत आणून सोडलं. त्या बोर्डवरून उतरल्या, दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि तशाच वाळूत बसल्या. रडत होत्या की हसत होत्या, त्यांनाही सांगता आलं नसतं.

यशोधन बऱ्याच वेळाने बाहेर आला. हातात वल्हं नव्हतं, ते लाटांनी नेलं होतं. गुडघा खरचटला होता. मास्तरांसमोर येऊन तो खाली मान घालून उभा राहिला.

“मास्तर, आज लालवर मला एकदासुद्धा उभं राहता आलं नाही.”

“बघलंय.”

“बोर्ड मी बरोबर ओळखला होता. पण... चहा नको, मास्तर. मी सामान भरतो.”

मास्तरांनी त्याच्या खरचटलेल्या गुडघ्यावरची वाळू हाताने झटकली.

“पडत होतंस, तेवा खंय बघत होतंस?”

यशोधनला आठवावं लागलं.

“काकूंच्या गुडघ्यांकडे.”

मास्तर एक हात टेकून उठले.

“उद्या सकाळी शिकवूक ये,” ते म्हणाले. “तुझ्यासाठी लाल घेऊन ये.”