एकही शंका नाही

आमच्या शाळेचे अध्यक्ष इनामदारसाहेब यांनी जाहीर केलं, "जूनपासून आठवीचं विज्ञान इंग्रजीतून!" विज्ञान शिकवणाऱ्या शेवडेबाईंनी विरोध केला, तेव्हा साहेबांनी स्वतःच खडू उचलला आणि हवेच्या दाबावर इंग्रजीतून फाडफाड पाठ घेतला. वर्ग चिडीचूप होता.

"एनी डाउट्स?" त्यांनी शेवटी विचारलं. एकही हात वर झाला नाही.

"बघा बाई! तुमच्या तासाला नुसता प्रश्नांचा गोंगाट असतो. मला एक तरी शंका विचारली का कुणी?"

मागच्या बाकावरची अबोल वैजयंता चाचरत उभी राहिली.

"साहेब, थोडं समजलं की शंका येते. सगळंच डोक्यावरून गेलं, तर विचारायचं तरी काय?"

वर्गात हशा पिकला. साहेबांनी मुकाट्याने खडू बाईंच्या हाती दिला. आठवीचं विज्ञान मराठीतच राहिलं.